जागा चुकलेला डाग

सोमवार, ६ जानेवारी

या घरात आंघोळीचा मग नाही. तक्रार क्षुल्लक वाटेल, म्हणूनच ती यथोचित गांभीर्याने नोंदवते. दवाखान्याने मला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दिला तो ‘फुल्ली फर्निश्ड’ म्हणून. भिंतभर टीव्ही आहे. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, बहुधा ते पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलंय. सरबताचे सहा उंच पेले आहेत. गीझर आहे, बादली आहे. पण बादलीतलं पाणी अंगावर कसं घ्यायचं, याचा विचार या वास्तूच्या निर्मात्याला शिवलेला नाही. एमडी रेडिऑलॉजी, वय बावन्न, आज चहाच्या पातेल्याने न्हाली. दिवसभर अंगाला आल्याचा वास.

बाकी सगळं झकास. मागच्या खिडकीतून उमेळ्याच्या बाजूची केळीची वाडी दिसते. अर्धी वाडी, उरलेल्या अर्ध्यावर टॉवरचा बोर्ड. थंडी आहे, पाखरं आहेत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अधिष्ठात्यांनी ‘मोकळेपणाने मत द्या’ म्हटलं होतं. मी दिलं. म्हणून मी आता वसईत आहे आणि, खोटं कशाला बोलू, खूष आहे.

किल्ली द्यायला हिल्डा आली होती. इथली मुख्य नर्स, जवळच्या पापडी गावची. माझ्या हातातलं पातेलं बघून म्हणाली, मोठ्या डॉक्टरणी अशाच न्हातात का? हिच्याशी माझं जमेल.

बुधवार, ८ जानेवारी

मशीन बघितलं. त्याच्या कपाळावर हळदकुंकू आहे. मालक-सर्जन डॉक्टर हर्षवर्धन यांनी पूजा घालून घेतली, तेव्हा भटजींनी नेमकं पाण्याच्या उशीवरच स्वस्तिक काढायला घेतलं होतं. हिल्डाने हात धरला म्हणून वाचलं.

कल्पना मात्र सुंदर आहे. लहानपणी भिंगाने उन्हं एका टिंबावर गोळा करून आपण कागद जाळायचो, तसं इथे आवाजाचं करायचं. कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्याच्या उशीतून पोटात सोडायचा. वाटेत काही भाजत नाही. सगळ्या लाटा जिथे भेटतात तिथेच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा शिजतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा दिसतो. गर्भाशयातली गाठ अशी दाण्यादाण्याने मारायची. कापणं नाही, टाके नाहीत. कुठे मारायचं ते मी चित्रावर फुली ठेवून सांगायचं, बटण हर्षवर्धननी दाबायचं. तोफ त्यांची, डोळे माझे.

पेशंट जागी असते. तिच्या हातात बेल देतात. पायात मुंग्या आल्या, पाठीत चटका बसला, की तिने दाबायची. चित्राला जे दिसत नाही ते तिला कळतं.

दुपारी मालन आली. उमेळ्याची, वाडीवाल्या घरातली, वय एकोणचाळीस. गाठ मोठी आहे. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. सासूचं म्हणणं, पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. मालन मला म्हणाली, डॉक्टरबाई, बांडगूळ काढायला कुणी झाड तोडतं का? मी म्हटलं, नाही तोडायचं. चोवीस तारखेला घेऊ. झाड राहील.

असं वचन मी सहसा देत नाही. हवा चांगली आहे इथली, म्हणून असेल.

शुक्रवार, १० जानेवारी

एक विनोद लिहून ठेवते.

फुली जिथे आहे तिथेच आग पडते की नाही, हे रोज सकाळी तपासायचं असतं. त्यासाठी कोंबडीचा तुकडा घेतात, किंवा जेलीत अंड्याचा पांढरा घालतात. वार केला की तो शिजून पांढरा होतो. फुलीवर पडला तर ठीक, नाहीतर मशीन पुन्हा जुळवायचं. नेम धरायची बंदुकीची माशी बघण्याइतकं साधं काम. इथे ते होत नाही, कारण सोसायटी शाकाहारी आहे. सेक्रेटरी शांतारामकाकांनी तळमजल्यावरच्या दवाखान्यालाही नियम लावला. हर्षवर्धननी विज्ञान समजावून सांगितलं म्हणे. काकांनी विचारलं, अंडं शिजवणार की नाही, एवढंच सांगा.

म्हणून आता चायनाग्रासची जेली लावतात. साधी. तिच्यात वार केला तर काहीच दिसत नाही. फुली बरोबर होती म्हणूनही नाही आणि चूक होती म्हणूनही नाही. हर्षवर्धन रोज ‘ओके’ म्हणतात. नापास होण्याची सोयच नसलेली परीक्षा मी आयुष्यात प्रथम पाहिली. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार छान बोलता.

शनिवार, ११ जानेवारी

आजची पेशंट रिद्धी. फुलपाड्याची, तिशीची, हसरी. सगळं ठीक चाललं होतं. मधेच एका वाराला पांढरं उमटलं ते फुलीवर नाही. खाली आणि उजवीकडे, गाठीच्या बाहेर. मज्जातंतू जातात त्या बाजूला.

मी थांबा म्हटलं. हर्षवर्धन थांबले, पडदा बघितला, म्हणाले, मॅडम, रेंजमध्ये आहे. मी म्हटलं, कोणाच्या? ते हसले. रिद्धीला विचारलं, काही झालं का? नाही म्हणाली. बेल तिने दाबली नव्हती. मुठीत इतकी घट्ट धरली होती की हिल्डाला बोटं सोडवावी लागली.

नंतर कपडे करताना हिल्डाकडे बोलली. पोटरीत वीज गेल्यासारखं झालं होतं. पण बेल बाहेर वाजेल, सासूबाई बसल्यात, त्यांना वाटेल हिला जरासुद्धा सोसवत नाही.

अहवालात हर्षवर्धननी लिहिलं: अपेक्षित परिणाम, गुंतागुंत नाही. खाली दोन सह्या लागतात.

मी केली. जीभ माझी तिखट आहे, पेन मात्र गरीब स्वभावाचं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. हर्षवर्धननी तिळगूळ वाटला. गोड बोला, हे माझ्याकडे बघून.

आजची पेशंट शाळेतली बाई. उशी पोटावर ठेवली, चित्र आलं, अजून एकही वार केलेला नाही, आणि तो तिथे होता. पांढरा दाणा. रिद्धीच्या पोटात उमटला तसाच, एका बाजूला किंचित टोकदार.

यंत्रं भुतं दाखवतातच. खोट्या प्रतिध्वनींची आम्हाला सवय असते. मशीनचं डोकं हलवलं, कोन बदलला. गेला नाही. मग एक गोष्ट लक्षात आली. पोटातलं सगळं श्वासाबरोबर हलतं. आतडी, पिशवी, गाठ, सगळं लाटेवरच्या होडीसारखं वर-खाली होतं. हा हलत नव्हता.

मी नेहमीप्रमाणे बाईंना म्हटलं, श्वास रोखा. सगळं चित्र थांबलं.

आणि तो हलला. एकटा. थोडा वर सरकला.

काम रद्द करायला लावलं. हर्षवर्धन चिडले. बाईंना नवी तारीख दिली. बाईंनी जाताना मला विचारलं, माझ्यात काही वाईट दिसलं का? मी म्हटलं, तुमच्यात नाही.

बुधवार, १५ जानेवारी

पेशंट नसताना जेलीचा डबा लावून बघितला. जेलीत आहे. डबा काढून नुसती पाण्याची उशी बघितली. पाण्यात आहे. कालच्यापेक्षा वर.

चित्रात वर म्हणजे कातडीकडे. कातडीच्या वर उशी, उशीच्या वर मशीनचं डोकं. आणि डोकं धरलेला माझा हात.

शुक्रवार, १७ जानेवारी

कंपनीचा इंजिनिअर धवल येऊन गेला. सभ्य मुलगा. चित्र घेणारा भाग बदलला. नव्या भागानेही तेच दाखवलं. तो हत्यारं आवरत म्हणाला, मॅडम, हे आमच्या वॉरंटीत येत नाही. एवढं प्रामाणिक वाक्य या इमारतीत मी पहिल्यांदा ऐकलं.

फुली जुळवून द्या म्हटलं. तो म्हणाला, त्याला अंडं किंवा चिकन लागेल. पण चहा पिताना कसं जुळवतात ते मला नीट दाखवलं.

हर्षवर्धनना सांगितलं, फुली तपासल्याशिवाय मालनला मी हात लावणार नाही. ते म्हणाले, नो प्रॉब्लेम मॅडम, फुली मी ठेवीन, व्हिडिओ बघितलेत मी.

म्हणजे मी गेले तर हा माणूस व्हिडिओ बघून मालनच्या पोटात आग पेरणार. राजीनामा लिहिला होता. त्यावर बटाट्याची सालं काढली.

रविवार, १९ जानेवारी

विचार करून करून एकच अर्थ लागतो, आणि तो रेडिऑलॉजीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. एक चटका बसला. बसलाच नाही, असं आम्ही दोघांनी सही करून ठरवलं. जिला बसला ती नाही म्हणते, ज्यांनी दिला ते नाही म्हणतात. मग त्या चटक्याने जायचं कुठे? तो बेवारशी झाला. जागा शोधत फिरतोय.

म्हणून आज फुलपाड्याला गेले. रिद्धीला तोंडावर सांगायला की बाई, चूक झाली, तुझ्या पायाच्या नसेला लागलंय, औषध आहे, मी नेते तुला.

रिद्धीनेच दार उघडलं. उजवं पाऊल फरशीवर घासत चालत होती. मी पायाकडे बघितलं तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, चप्पल नवीन आहे तिची, लागते. घरात कोणी चप्पल घातली नव्हती.

मी सगळं सांगितलं. न मिरवता, न टोमणे मारता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. सासूबाईंनी चहा केला. त्या म्हणाल्या, अहो डॉक्टर, आम्ही सगळ्या मजल्याला सांगितलंय काही कापलं नाही, काही झालं नाही म्हणून. आता हे कुठून काढलंत? रिद्धी बशीकडे बघत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं?

ती म्हणाली, ‘माझं काही नाहीय ते, डॉक्टर. तुमचंच असेल. तुम्हीच ठेवा.’

निघताना हातावर पेढा ठेवला.

सोमवार, २० जानेवारी

दाणा चित्राच्या अगदी वरच्या रेषेवर. पेशंट तपासणीसाठी आलेली, वार करायचा नव्हता. मी मशीनचं डोकं धरलं होतं. म्हटलं, श्वास रोखा.

आम्हा लोकांना खोड असते. पेशंटला श्वास रोखायला सांगताना आपणही रोखतो.

तळहाताला काहीतरी टोचलं. गार. पडदा स्वच्छ झाला.

मंगळवार, २१ जानेवारी

पाण्यात नाही. जेलीत नाही. सकाळी दोन पेशंट तपासल्या, दोघी स्वच्छ. हर्षवर्धन म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? हिल्डा म्हणाली, तुम्ही तळहात का चोळताय?

दार लावून स्वतःवर छोटं सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. मनगट. दंड. काखेजवळ सापडला. नाडीच्या शेजारी आहे. नाडी उडते, हा नाही.

श्वास रोखला नाही. इतकी हिंमत नाही माझी.

बुधवार, २२ जानेवारी

डाग माझ्याकडे आहे तोवर मालनकडे नाही. एवढं बरं. पण फुली अजून चुकलेलीच. परवा पुन्हा चुकली तर मालनच्या पोटात नवा डाग पडेल, नाहीतर पिशवीच भाजेल. म्हणजे अंडं पाहिजेच.

हिल्डाला विचारलं. तिने का म्हणून विचारलं नाही. दुपारी डब्यात खाली अंडी, वर पालेभाजी घालून आली. चार. तिच्याच कोंबड्यांची. फाटकावर शांतारामकाका होते. काय आणलंत, म्हणाले. हिल्डा म्हणाली, माझा उपास आहे काका, तुम्ही खाणार?

जेवणाच्या सुट्टीत जेलीत पांढरा घालून बसवला. वार केला. फुलीपासून खाली, उजवीकडे. रिद्धीच्या पोटात गेला होता तिथेच.

इतक्या दिवसांत ज्यांना ज्यांना ‘ओके’ मिळालं —

गुरुवार, २३ जानेवारी

धवलने दाखवलं तसं जुळवलं. दुसऱ्या अंड्यालाही थोडं बाजूला. तिसऱ्याला जवळ. चौथ्याला बरोबर फुलीवर. मोत्यासारखा दाणा. हिल्डाने टाळी वाजवली.

तेव्हाच खांद्यात चटका बसला. आत. चौथा वार जेलीत पडला तेव्हाच.

योगायोग असेल म्हणून पुन्हा केला. योगायोग नाही. वार जिथे जायचा तिथे जातो. आणि त्यातला थोडा, वाटणीसारखा —

आता गळ्याशी आहे. बोलताना लागतो.

मालनला बोलावून घेतलं. जेवढा आवाज उरलाय तेवढ्यात दटावलं. उद्या काहीही वाटलं, मुंगी चावल्याएवढं, तरी बेल दाबायची. सासू बाहेर असो नाहीतर सगळं उमेळं. बाईच्या जातीने सोसायचं असतं, असं मनात आलं तर आधी दाबायची. ती म्हणाली, बाई, तुम्ही तर माझ्या सासूपेक्षा खाष्ट.

शुक्रवार, २४ जानेवारी

झालं. डाव्या हाताने लिहितेय, उजवा नीट उठत नाही.

पहिला वार. मालनच्या गाठीत, फुलीवर, पांढरा. माझ्या गळ्यात निखारा.

दुसरा. तिसरा. प्रत्येक बरोबर जागी. प्रत्येक इथेही. हर्षवर्धन म्हणत होते, वा मॅडम, काय नेम आहे.

मधेच बेल वाजली. खणखणीत. मालन म्हणाली, पाठीत काहीतरी गरम होतंय, तुम्ही सांगितलं होतं म्हणून दाबली. बघितलं तर आतड्याचा वेढा सरकून मधे आला होता. पुढचा वार त्यात गेला असता. उशी दाबून आतडं बाजूला केलं, फुली सरकवली. पुन्हा सुरू.

बाहेर तिची सासू कुणाला तरी सांगत होती, आमच्या सुनेला जरा म्हणून धीर नाही.

एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. ‘थांबा.’ मग गाठ अर्धी राहिली असती. आणि अर्धी गाठ म्हणजे सासू, आणि सासू म्हणजे सुरी. बोलले नाही. पुढे पुढे बोलताही —

मला कुणी बेल दिली नव्हती.

शेवटी मालन उठून बसली. म्हणाली, वाडीत सकाळचं ऊन पाठीवर येतं ना, तसं वाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, तुम्हाला एवढा घाम कशाने?

शनिवार, २५ जानेवारी

आवाज गेला. मालनच्या तपासणीला मशीनचं डोकं हिल्डाने धरलं, मी पडदा बघितला. गाठ मेलेली, एकसारखी पांढरी. पिशवी शाबूत. भोवती एक डाग नाही. झाड राहिलं. मालनने हात जोडले. मी मान हलवली.

हर्षवर्धननी सोमवारी दोघींना घेतलंय. फुली बरोबर आहे आता, म्हणाले, सुसाट जाऊ.

फुली बरोबर आहे. म्हणजे सगळ्या बऱ्या होतील. आणि प्रत्येकीच्या प्रत्येक वाराला मी —

कागदावर लिहून दाखवलं त्यांना. सगळं. त्यांनी वाचलं. विचारलं, कोणत्या पेशंटला झालंय हे? स्वतःकडे बोट केलं. ते म्हणाले, मॅडम, तुमची तर फाईलच नाही.

रविवार, २६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. हर्षवर्धन भाषण करतायत, अचूकतेवर. मागच्या फाटकाने निघाले.

पापडी. हिल्डा चर्चमध्ये. बाजारातून गावठी अंडी घेतली. चार उसनी आणली होती, पाच घेतली. उसनं परत देताना थोडं वर घालून द्यावं. तिच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवली. आतल्या कोंबड्यांनी गलका करू नये म्हणून अडकवताना श्वास रोखला.

रोखायला नको होता.

पायरीवर बसलेय. डाग जिभेच्या मुळाशी आलाय. गार आहे. अजून चर्चमधली मिसाची प्रार्थना सुटली नाही, गाणं ऐकू येतंय.

अंडी एकही फुटली नाही. उसनं फिटलं. आता कुणाचं काही ठेवलं नाही मी. हा एवढा एक चटका राहिलाय, तोही द्यायला तयार आहे, पण ज्याचा आहे तो —